मोडी आली म्हणजे कागद वाचता आला असं नाही

मोडीचा (मराठी लिहायची जुनी लिपी) क्लास संपला आणि मी लगेच पुण्याच्या पुराभिलेखागारात गेलो, ज्याला सगळे अजून पेशवे दफ्तरच म्हणतात. वाटलेलं की रुमाल सोडायचा (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मला आधी खरंच हातरुमाल वाटलेला) आणि धडाधड वाचत सुटायचं. पहिल्या दिवशी चार तासात सहा ओळी झाल्या, त्यातल्या दोन चुकीच्या.

अक्षरं यायची हो, पण मोडीत शब्द तोडलेलेच नसतात, एकदा शिरोरेघ ओढली की तिच्याखाली सगळं सलग, कुठला शब्द कुठे संपला ते तुम्हीच ठरवायचं. वर मु॥ म्हणजे मुक्काम, रा॥ म्हणजे राजश्री असे शॉर्टकट. क्लासमध्ये सुबक वळणाचा कित्ता असतो, इथे घाईत लिहिणारा कारकून असतो.

पण खरी फजिती तारखेत झाली. एका पत्रावर वर्ष होतं 'इहिदे सितैन मया व अलफ'. अरबी आकडे, एकक आधी, म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, 1161. महिना रबिलावल, मागे छ म्हणजे चंद्राची तारीख, त्यामुळे मी बिनधास्त हिजरी धरलं आणि वहीत लिहिलं 1748. पत्रात मात्र भाऊसाहेबांनी (सदाशिवरावभाऊ) कुंजपुरा घेतल्याची बातमी, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या थोडं आधीची! अहो, 1748 ला शाहू महाराज हयात होते, पानिपतचं नावही नव्हतं. शेजारी बसलेल्या काकांनी सांगितलं, बाळा हा सुहूर सन, महिने मुसलमानी पण वर्ष सूर्याचं, मृगाला बदलतं. त्यात 599 मिळवायचे आणि जानेवारी ते मृगापर्यंतचा कागद असेल तर 600. म्हणजे 1760, सगळं बरोब्बर बसलं. फसलीला (महसुलाचं वर्ष) हेच 590-591, शकाला 78-79. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, तुम्हीही ठेवा.

नवीन असाल तर डायरेक्ट रुमालाला हात घालू नका. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड आहेत, देवनागरीत छापलेले, त्यातली पत्रं महिनाभर नुसती वाचा. 'विनंति उपरी', 'येथील कुशल जाणोन', 'बहुत काय लिहिणे' ही ठरलेली वाक्यं एकदा कानात बसली की मोडीत पहिली दोन अक्षरं दिसताच पुढचं आपोआप लागतं. माझा स्पीड वाढला तो यामुळेच, जास्त सराव कित्त्याचा केला म्हणून नाही.

बाकी नेहमीचं, पेन नको पेन्सिल घ्या, थुंकी लावून पान उलटू नका, फोटो काढायच्या आधी विचारा. आणि अडलेला शब्द सोडून पुढे जा, तोच कारकून तोच शब्द चार ओळींनी परत लिहितो, तिथे बऱ्याचदा नीट लिहिलेला सापडतो.