डॅक घेतला, पण आवाज तोच? या चुका टाळा

डॅकचं काम मोजकं आहे. कॉम्प्युटर, टीव्ही किंवा फोनमधून आकड्यांच्या रूपात आलेल्या गाण्याचा विजेचा सिग्नल करायचा आणि तो ॲम्प्लिफायरला द्यायचा. अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात राहून त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची तान दाणा न् दाणा ऐकू यावी, या ओढीने माणूस त्यासाठी पैसे घालतो, जोडणी करतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, 'काय फरकच पडला नाही की!' अशा वेळी डॅक परत करायच्या आधी त्याच्यापर्यंत नेमकं काय पोचतंय, ते तपासा. बहुतेक घोळ तिथेच असतो.

सर्वांत आधी आवाज डॅकमधूनच येतोय ना, ते बघा. यूएसबी जोडली तरी विंडोजमध्ये आउटपुट म्हणून लॅपटॉपचेच स्पीकर निवडलेले राहू शकतात. विंडोज 10 मध्ये 2017 पासून नव्या यूएसबी डॅकसाठी लागणारी सोय आतच आली आहे; विंडोज 7 वर मात्र कंपनीचा ड्रायव्हर घालावाच लागतो.

मग सॅम्पल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजून आकड्यांत धरला ते. विंडोज सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करून एका ठरलेल्या रेटने पुढे पाठवतं. तिथे 48 किलोहर्ट्झ असेल आणि तुम्ही सीडीवरून काढलेली 44.1 ची फाइल लावली, तर गाणं वाटेतच नव्याने मोजलं जातं. यावर उपाय म्हणून अनेकजण यादीतला सर्वांत मोठा आकडा निवडतात, 192 किंवा 384. ते करू नका. 44.1 च्या फाइलमध्ये जे नाही, ते मोठ्या आकड्याने येत नाही. प्लेअरमध्ये वासापी (WASAPI) एक्सक्लुझिव्ह मोड, म्हणजे विंडोजची सरमिसळ टाळणारी वाट, निवडा, म्हणजे फाइल आहे त्याच रेटने डॅकला पोचेल. डॅकवर रेट दाखवणारा पडदा किंवा दिवा असेल तर खात्री लगेच होते. अर्थात हा फरक कानाला बारीकच लागतो. त्याहून कितीतरी जास्त बिघडवतात ते 'ऑडिओ एन्हान्समेंट्स', लाउडनेस आणि प्लेअरमधला विसरलेला इक्वलायझर. ते आधी बंद करा.

आवाज कमी-जास्त करायच्या जागा दोन-तीन झाल्या की गोंधळ होतो. प्लेअर आणि विंडोज दोन्ही पूर्ण ठेवा आणि आवाज ॲम्पवरच फिरवा. डॅकला स्वतःचं बटण असेल तर 'फिक्स्ड' (सिग्नल कायम पूर्ण) की 'प्रीॲम्प' (आवाज डॅकच्या बटणाने) ते नीट ठरवा. घरात नेहमीचा ॲम्प असेल तर फिक्स्ड. पण ॲक्टिव्ह स्पीकर (ॲम्प आतच असलेला) किंवा आवाजाचं बटण नसलेला पॉवर ॲम्प थेट डॅकला जोडला असेल, तर फिक्स्ड अजिबात नको. साधारण 2 व्होल्टचा पूर्ण सिग्नल एकदम जातो आणि स्पीकरसोबत कानालाही इजा होऊ शकते. सुरू करताना आवाज नेहमी शून्यावर आणा.

जुन्या ॲम्पवर 'फोनो' लिहिलेल्या जागी डॅक लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी असते. तिथे तो कैकपटींनी वाढवला जातो, खर्ज तर आणखीच. डॅक तिथे लावला की आवाज फाटतो. 'ऑक्स' किंवा 'सीडी' लिहिलेली जागा घ्या.

टीव्ही ऑप्टिकलने, म्हणजे उजेडातून सिग्नल नेणाऱ्या वायरने, जोडला आणि काहीच ऐकू येत नसेल, तर वायरच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपी काढली का ते बघा. नंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डॉल्बी किंवा बिटस्ट्रीमऐवजी 'पीसीएम', म्हणजे साधा उलगडलेला डिजिटल आवाज, निवडा. साध्या स्टिरिओ डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही.

डॅकमधल्या फास्ट, स्लो अशा फिल्टरांमध्ये फार वेळ घालवू नका. त्यांचा फरक मुख्यतः 20 किलोहर्ट्झच्या आसपास पडतो. केसरबाईंच्या 78 गतीच्या तबकड्यांवर इतक्या वरचं गाणं मुद्रितच झालेलं नाही. त्यांची खरखर मूळ तबकडीतली आहे, ती डॅक काढणार नाही आणि त्याने काढूही नये. माझ्या मते चांगल्या डॅकवर त्या खरखरीमागचा आवाज स्वच्छ मिळतो, तेवढं पुरे.

आता घूंऽऽ असा सतत येणारा आवाज, म्हणजे बहुतेकदा 50 हर्ट्झचा हम. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. हम थांबला तर अर्थिंगचा फेरा झाला आहे: लॅपटॉप, डॅक आणि ॲम्प वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले गेलेत. सगळे प्लग एकाच बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर ऑप्टिकल वापरा, तिच्यातून वीज जात नाही. प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. ती पिन जीव वाचवते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तर आधी वायरमनला बोलावून बोर्डला अर्थिंग खरंच आहे का, ते मोजून घ्या.

मधेच टक-टक होऊन गाणं तुटत असेल तर यूएसबी हब काढा आणि डॅक थेट कॉम्प्युटरला लावा. तरी थांबलं नाही तर प्लेअरमधला बफर, म्हणजे गाण्याचा आधीच भरून ठेवलेला साठा, थोडा वाढवा. फोनला ओटीजीने (फोनला यूएसबी उपकरण लावायची वायर) जोडताना स्वतःचा वीज-अडॅप्टर असलेला डॅक बरा, फोनची बॅटरी वाचते.

आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून थांबू नका. डॅक आणि ॲम्पचे प्लग बाहेर काढा, टीव्हीची केबल किंवा डिशची वायरही सोडवा, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही आत येतो.