नागपुरात राहून पहिला रेग्युलेटर घेताना

माझं इतवारीत फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे आणि वर्षातून दोनदा मी मालवणला नाहीतर अंदमानला डायव्हिंगला जातो. आपल्याकडचं कोणी स्कूबाचा कोर्स करून आलं की हमखास विचारतं, दादा, सगळ्यात स्वस्तातला रेग्युलेटर (पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडाशी आणून देणारं यंत्र) घेतला तर चालेल का? चालेल, खुशाल घ्या. फक्त नवा घ्या, आणि त्याची सर्व्हिसिंग कोण करून देणार हे पैसे मोजायच्या आधी विचारा.

मी स्वतःचा घेतला तो एका फेरीनंतर. भाड्याच्या रेग्युलेटरचा माउथपीस दातांनी फाटलेला होता, तो आवळून धरणारा टाय ढिला. आठ मीटरवर दर श्वासाला खारं पाणी तोंडात. इन्स्ट्रक्टरचा ऑक्टोपस, म्हणजे श्वास घ्यायची जादा नळी, घेऊन वर आलो, पण त्या रात्री झोप लागली नाही.

याचं काम समजायला घरचा गॅसचा रेग्युलेटर आठवा. भरलेल्या टाकीत 200 बारचा दाब असतो (बार म्हणजे दाबाचं माप). टाकीवर बसणारा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9-10 बार जास्त, एवढ्यावर आणते. मग तोंडातली सेकंड स्टेज आपण ओढू तेवढीच हवा सोडते. स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेक वेळा अनबॅलन्स्ड पिस्टन असतो; स्कूबाप्रो कंपनीचा एमके2 त्यातलाच. उघडून पाहिला तर आत एक पिस्टन, एक स्प्रिंग, थोड्या ओ-रिंग. रोज कॉम्प्रेसर उघडणाऱ्या माणसाला असलं यंत्र फार आवडतं, कारण बिघडायला आत जागाच कमी. टाकी रिकामी होत आली की श्वास थोडा जड लागतो, हे खरं. पण 50 बार उरले असताना आपण वर असायलाच हवं. महागडा बॅलन्स्ड रेग्युलेटर शेवटपर्यंत सारखा श्वास देतो. वरचेवर 30 मीटरला जाणाऱ्याने त्यावर जरूर खर्च करावा. कोर्सनंतरच्या 18 मीटरच्या मर्यादेत मला तरी त्याची उणीव भासली नाही. वाचलेल्या पैशात डाइव्ह कॉम्प्युटर घ्या, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र.

घेताना त्यावरचा शिक्का वाचा. ‘ईएन 250ए’ हे युरोपियन मानक असेल तर ऑक्टोपस जोडून दोघांनी एकाच वेळी श्वास घेण्याची चाचणी झालेली असते. पुढे ‘>10°से.’ लिहिलं असेल तर तो थंड पाण्यासाठी नाही. आपल्या समुद्राला तेवढा पुरतो. टाकीला जोडायच्या दोन पद्धती असतात, योक आणि डिन; कुठली घ्यायची हे तुम्ही जिथे जाता तिथल्या टाक्या पाहून ठरवा.

आता मुख्य गोष्ट, मिठाची. मे महिन्यात कूलरच्या जाळीवर पांढरा खार बसतो ना, अगदी तसंच मीठ पिस्टनच्या कप्प्यात बसतं, कारण साध्या मॉडेलमध्ये तिथे समुद्राचं पाणी शिरतंच. म्हणून डाइव्ह झाली की डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) कोरडी करून घट्ट लावा आणि गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. असा बुडवलेला असताना सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण (हवा सोडायचं) दाबू नका. दाबलंत तर पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं. नागपूरला परतल्यावर मी पुन्हा एकदा धुतो, तेही फिल्टरच्या पाण्याने. मग सावलीत वाळवतो. गच्चीवर नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच. आपल्या 45 अंशांत रबर कडक होतं. नळ्या मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून कपाटात.

सहलीआधी घरीच एक तपासणी करा. डस्ट कॅप लावलेली ठेवून माउथपीसमधून हलकेच हवा ओढा. काहीच यायला नको. हवा आली तर कुठेतरी फट आहे, आधी माउथपीसच पाहा. आणि बोटीवर टाकी जोडली की गेजकडे (टाकीतला दाब दाखवणाऱ्या काट्याकडे) बघत चार श्वास घ्या. काटा डुलला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, पाण्यात उतरू नका.

सर्व्हिसिंग कंपनीने सांगितलेल्या मुदतीतच करा, त्या वर्षी एकही डाइव्ह झाली नसली तरी. मी दिवाळीनंतर पाठवतो, म्हणजे जानेवारीच्या फेरीआधी हातात असतो.