कॅनडात टीम सांभाळताय? सलोख्याचं काम बजेटपासून सुरू करा

सप्टेंबर लागला की ओळखीचे मराठी मॅनेजर हमखास विचारतात, "३० तारखेला ऑफिसात काय करू?" त्या दिवशी २०२१ पासून सत्य आणि सलोख्याचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो: कॅनडातल्या मूळ समाजांच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं, त्याची आठवण म्हणून. त्या मुलांच्या आठवणीतला नारिंगी शर्ट जरूर घाला. पण माणसं नेमायचा आणि कंत्राटं द्यायचा अधिकार तुमच्याकडे असेल, तर वर्षाचं बजेट ठरतं तेव्हाच कामाला लागा. मी ओंटारिओत बांधकामाची कंत्राटं बघते, त्यामुळे पैशाच्या बाजूनेच सांगते.

"आपण कालपरवा आलो, आपला काय संबंध?" हे आपल्या लोकांत फार ऐकू येतं. संबंध आहे. २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूळ समाजांचे हक्क आपण मान्य करतो. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाच्या ९४ मागण्यांपैकी शपथेतला हा बदल ही शेवटची होती. ९२ वी उद्योगांसाठी आहे, ती आधी वाचा: प्रकल्पापूर्वी पूर्ण माहिती देऊन, दबाव न आणता संमती घ्या; नोकऱ्या-प्रशिक्षणात न्याय्य संधी द्या; वरिष्ठांपासून सगळ्यांना हा इतिहास शिकवा.

मग आपलं ऑफिस मूळ समाजांशी झालेल्या कोणत्या कराराच्या जमिनीवर आहे ते शोधा. टोरांटोचा बराचसा भाग करार क्रमांक १३ खाली येतो. १८०५ मध्ये ब्रिटिशांनी तिथल्या मिसिसागा या मूळ समाजाकडून अडीच लाख एकर जमीन १० शिलिंगांत घेतली. ही आणि आणखी एक जमीन यांच्या दाव्यापोटी २०१० मध्ये सरकारने १४ कोटी ५० लाख डॉलर दिले. हे माहीत असलं की बैठकीच्या सुरुवातीला जमिनीच्या मूळ लोकांचा उल्लेख करताना कागदावरचं वाचून दाखवायची वेळ येत नाही.

एखाद्या एल्डरना, म्हणजे मूळ समाजातल्या मानाच्या ज्येष्ठ व्यक्तीला, बोलवायचं असेल तर काही महिने आधी विचारा. मानधन, प्रवासखर्च आणि त्यांच्या समाजाची रीत आधीच समजून घ्या. अनेक ठिकाणी विनंती करताना तंबाखू अर्पण करतात, पण सगळीकडे नाही. मानधन त्याच दिवशी हातात द्या. निवासी शाळांच्या आठवणी सांगा, असा आग्रह मुळीच धरू नका. दीड लाखाहून अधिक मुलांना त्या शाळांत घातलं होतं, आणि शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. समोरची व्यक्ती स्वतः तिथे शिकलेली असू शकते. टीममध्ये मूळ समाजाचा एकच सहकारी असेल, तर त्याला सगळ्यांचा शिक्षक करू नका. त्याचं काम वेगळं आहे, पगार त्या कामाचा आहे.

खरेदीत सगळ्यात जास्त बदल घडवता येतो. संघीय सरकारने कंत्राटांच्या एकूण मूल्यापैकी किमान ५ टक्के मूळ समाजांच्या व्यवसायांना द्यायचं उद्दिष्ट ठेवलंय. तुमच्या विभागाचा आकडाही लिहून काढा. मोठं कंत्राट फोडून लहान करा. विम्याच्या आणि अनुभवाच्या अटी कामाच्या आकाराइतक्याच ठेवा. जमिनीशी संबंधित प्रकल्प असेल तर नकाशे पक्के होण्याआधी तिथल्या मूळ समाजाला भेटा, कारण आराखडा मंजूर झाल्यावर मत विचारलं तर बदलायला काहीच उरत नाही. समोरून "नको" आलं, तर तारीख पुढे ढकलण्याची परवानगी वरिष्ठांकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.