भूतकथा लिहिण्याआधी नियमपुस्तिका कशी वाचावी

दूरचित्रवाणीसाठी भूतकथा लिहू पाहणाऱ्या माणसाच्या फळीवर भुतांची पुस्तके बहुधा पुरेशी असतात. नसतात ती रेल्वेच्या नियमांची, महसुली दप्तराची, ग्रंथांच्या तालिकीकरणाची, म्हणजे सूची करण्याची, आणि न्यायवैद्यकाची पुस्तके, आणि लिहायला बसल्यावर अडते ते नेमके याच पुस्तकांवाचून. एखादे काम वर्षानुवर्षे ज्या क्रमाने चालत आले आहे, त्या क्रमात एके दिवशी अशी गोष्ट घडते की जिची नोंद करायला कोणत्याच नोंदवहीत रकाना नसतो. पडद्यावरची चांगली भूतकथा मला नेहमी या जागी सुरू होताना दिसते. म्हणून रकाने आधी माहीत असावे लागतात. ते माहीत करून घेण्याची मी वापरत आलेली पद्धत अशी आहे, की एक व्यावसायिक हस्तपुस्तिका आणि त्याच व्यवसायात घडणारी दूरचित्रवाणीवरील एक भूतकथा यांची जोडी लावावी आणि दोन्ही शेजारी ठेवून अभ्यासावीत.

पहिली जोडी रेल्वेची घ्यावी, कारण तिच्यात सारे काही आहे. चार्ल्स डिकन्स यांची ‘द सिग्नल-मॅन’ ही कथा १८६६ च्या नाताळात प्रसिद्ध झाली आणि बीबीसीने तिचे दूरचित्रवाणी रूपांतर २२ डिसेंबर १९७६ रोजी दाखवले. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची, दिग्दर्शन लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांचे आणि सिग्नलमनच्या भूमिकेत डेनहोम एलियट. चाळीस मिनिटांहून कमी लांबीच्या या चित्रपटात बोगद्याच्या तोंडाशी, खोल खोदलेल्या लोहमार्गाच्या कडेला, एक माणूस आपल्या केबिनमध्ये काम करत असतो. त्याच्याकडे तारयंत्र आहे, घंटा आहे, दिवा आहे आणि नोंदवही आहे. बोगद्याच्या तोंडाशी त्याला एक आकृती दिसते, ती धोक्याचा इशारा करते, आणि पाठोपाठ दर वेळी काहीतरी भयंकर घडते.

या कथेतला सर्वांत हादरवणारा क्षण आकृती दिसण्याचा नाही. सिग्नलमन पाहुण्याला आपली अडचण समजावून सांगतो तो आहे. त्याने पुढच्या केबिनला ‘धोका’ असा संदेश पाठवला, तर तिकडून विचारणा येणार: कसला धोका, कुठे? त्याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. कारण न देता संदेश पाठवला तर नोकरी जाणार, न पाठवला तर माणसे मरणार. आपल्याकडच्या रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांचे पुस्तक समोर उघडून ही कथा पुन्हा वाचावी, म्हणजे ही कोंडी किती खरी आहे ते कळते. दोन स्थानकांमध्ये गाडी सोडण्यापूर्वी ‘लाइन क्लिअर’, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची पलीकडच्या स्थानकाची संमती, घ्यावी लागते, घंटेच्या ठोक्यांचे संकेत ठरलेले असतात, आणि प्रत्येक संकेताची वेळ ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये लिहावी लागते. आता त्या रजिस्टरपुढे बसलेल्या माणसाची कल्पना करावी. घंटा वाजली, त्याने ऐकली, पण पलीकडच्या स्थानकाने ती वाजवलेली नाही. लेखणी हातात आहे. ती वेळ लिहावी की लिहू नये?

डिकन्स यांना रेल्वेचे नियम मोडल्यावर काय होते ते पुस्तकातून कळलेले नव्हते. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढलेले असताना त्यांची गाडी तेथे येऊन आदळली. मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले होते, आणि लाल झेंडा घेऊन हजार यार्डांवर उभा राहायला हवा असलेला माणूस ५५४ यार्डांवर उभा होता. दहा माणसे गेली. डिकन्स बचावले आणि जखमींना पाणी पाजत फिरले. बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला, त्यांचा मृत्यू झाला. भारतीय रेल्वेच्या नियमांत ब्रॉडगेज मार्गावर अडथळा असल्यास ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने, तीन डिटोनेटर, म्हणजे रुळावर बसवायचे फटाके, लावण्याची तरतूद आहे. हे कलम वाचताना मला स्टेपलहर्स्टच्या त्या ५५४ यार्डांची आठवण होते.

हस्तपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू नये. तशी वाचली तर चौथ्या दिवशी ती फळीवर परत जाते. आधी कर्तव्यांची यादी वाचावी: कामावर आल्यावर पहिली गोष्ट कोणती, कोणाकडून कार्यभार घ्यायचा, सही कुठे करायची, जाताना काय तपासायचे. नंतर पुस्तकाच्या मागे जोडलेले नमुने आणि तक्ते पाहावेत, आणि त्यांतील रकान्यांची नावे आहेत तशी उतरवून घ्यावीत. अपघात, चूक, अनुपस्थिती आणि अपवाद यांविषयीचे प्रकरण सर्वांत शेवटी, पण सर्वांत सावकाश वाचावे. व्यवसायाला कशाची भीती वाटते ते त्या प्रकरणात लिहिलेले असते. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात ते मृत्यूची वेळ ठरवण्याच्या प्रकरणात सापडते: मरणोत्तर ताठरपणा कधी येतो, कधी जातो, उष्ण हवेत तो किती लवकर सरतो. ज्या कथेत मृत माणसाला कोणीतरी सकाळी चालताना पाहिलेले असते, तिला हे प्रकरण पुरते.

शब्द मात्र पुस्तकातून घेतल्यावरही एकदा त्या कामातल्या माणसाकडून तपासून घ्यावेत. मी लिहिलेल्या एका प्रसंगात स्टेशन मास्तर हिरवा झेंडा दाखवून रात्रीची गाडी सोडतात असे होते. आमच्या शेजारी राहणाऱ्या, गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी ते पान वाचले आणि शांतपणे सांगितले, की गाडीला निघण्याची परवानगी स्टार्टर सिग्नल देतो, निघण्याचा इशारा गार्ड देतो, आणि माझ्या गोष्टीतले मास्तर दोघांचेही काम करत आहेत. मला त्या पानाचे फार वाईट वाटले, कारण पुढे त्याच मास्तरांना प्लॅटफॉर्मवर न थांबलेली गाडी दिसणार होती, आणि ज्याला साधी गाडी नीट सोडता येत नाही त्याच्या डोळ्यांवर प्रेक्षक विश्वास कसा ठेवणार? प्रसंग पुन्हा लिहिला, तेव्हा स्टार्टर सिग्नल लाल असतानाच डब्यातून हिरवा दिवा हलताना दिसतो असे केले. काकांनी पान वाचून नुसती मान हलवली आणि पाणी मागितले.

दुसरी जोडी ग्रंथपालाची. एम. आर. जेम्स हे इंग्रजी भूतकथेतील मोठे नाव. पण त्यांचे रोजचे काम हस्तलिखितांचे होते. केंब्रिजच्या महाविद्यालयांतील मध्ययुगीन हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची त्यांनी तयार केल्या, आणि नाताळात किंग्ज कॉलेजमधील आपल्या खोलीत मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना भूतकथा वाचून दाखवल्या. त्यांच्या कथेवरून बीबीसीने १९७१ मध्ये ‘द स्टॉल्स ऑफ बारचेस्टर’ केले, तेही क्लार्क यांच्याच दिग्दर्शनाखाली. त्याची सुरुवात एका अभ्यासकापासून होते. तो कॅथीड्रलच्या ग्रंथालयातील पुस्तकांची सूची करत बसलेला असतो, काम कंटाळवाणे असते, आणि मग बाजूला ठेवून दिलेल्या कागदपत्रांची एक पेटी त्याच्यापुढे येते. क्लार्क माहितीपट करून कथेकडे आले होते, आणि ते प्रत्येक चौकटीत जाणवते: त्यांचा कॅमेरा लाकडाच्या कोरीव कामाकडे प्रथम नोंद घेणाऱ्याच्या नजरेने पाहतो. या चित्रपटाबरोबर तालिकीकरणाची कोणतीही पाठ्यपुस्तिका चालेल. नोंदीत ग्रंथाचा आकार, पृष्ठसंख्या, बांधणी, पूर्वीचा मालक हे लिहिताना ‘पूर्वीचा मालक’ या रकान्यापाशी थांबून पाहावे.

‘द स्टोन टेप’ हे नायजेल नील यांचे १९७२ च्या नाताळातील दूरचित्रनाट्य अभियंत्यांसाठी राखून ठेवावे. ध्वनिमुद्रणाचे नवे माध्यम शोधणारी तुकडी एका जुन्या घरात येते आणि भिंतीच्या दगडातच एक किंकाळी मुद्रित झालेली आहे असे तिला वाटू लागते. सोबत ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचे जुने पुस्तक ठेवावे. टेपवरचा आवाज पुनःपुन्हा पुसल्यावर खाली काय उरते, एवढाच प्रश्न त्याला विचारावा.

जोडी लावली की चित्रपट तीनदा पाहावा. पहिल्यांदा जसा आहे तसा, एका बैठकीत, रात्री. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून, हातात हस्तपुस्तिका घेऊन: पात्र कोणते काम करत आहे, ते नियमाप्रमाणे आहे का, आणि पहिली चूक कोणत्या मिनिटाला होते, एवढेच लिहून घ्यावे. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे. दूरचित्रवाणीचा पडदा लहान, खोलीत दिवा लागलेला, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. अशा वेळी भीती पोहोचते ती बहुतांशी कानांवाटे. आपल्याकडे नव्वदच्या दशकातील ‘आहट’ या भयमालिकेचे नावच एका आवाजाचे होते. रत्नाकर मतकरींच्या कथांवरील ‘गहिरे पाणी’ ही मालिकाही अशाच कानांनी पाहावी. मतकरींनी सुमारे दोन दशके बँकेत नोकरी केली होती, आणि त्यांच्या गूढकथांतील नोकरदार माणसे इतकी खरी का वाटतात याचे एक कारण मला तेथे दिसते.

एक जोडी जपून वापरावी लागते, आणि ती दूरचित्रवाणीच्या स्वतःच्या नियमांची आहे. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी बीबीसीने ‘घोस्टवॉच’ दाखवले. लेखक स्टीफन व्होक, दिग्दर्शिका लेस्ली मॅनिंग. लंडनमधील एका झपाटलेल्या घरातून थेट प्रक्षेपण चालू आहे असा त्याचा घाट होता. मायकेल पार्किन्सन, सारा ग्रीन यांसारखे ओळखीचे निवेदक स्वतःच्याच नावाने त्यात होते, आणि पडद्यावर दिलेला दूरध्वनी क्रमांक बीबीसीचा नेहमीचा होता. त्यावर फोन लागला तर हा काल्पनिक कार्यक्रम असल्याचे सांगितले जाई, पण अनेकांना तो व्यग्रच मिळाला. थेट प्रक्षेपणाच्या हस्तपुस्तिकेतील प्रत्येक सवय, म्हणजे स्टुडिओतून घटनास्थळी जाणे, तज्ज्ञाचे मत, प्रेक्षकांचे फोन, मुद्रित दृश्य पुन्हा दाखवणे, येथे कथेच्या कामी लावलेली आहे, आणि झपाटणारी आकृती मधूनमधून चौकटीत उभी असूनही तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. कारागिरी म्हणून हे फार मोठे काम आहे. पण १९९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा कार्यक्रम पाहिल्यानंतर गंभीर मानसिक आघाताची लक्षणे दिसलेल्या दोन मुलांची नोंद प्रसिद्ध झाली, आणि बीबीसीने तो ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर पुन्हा दाखवलेला नाही. प्रेक्षक ज्या खुणांवर बातमी खरी आहे असे मानतो, त्याच खुणा आपण वापरत असू, तर घरात मुलेही बसलेली आहेत हे लिहिणाऱ्याने धरून चालले पाहिजे. या एका बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही.

आता लिहायला बसावे. मराठी लेखकाने पहिल्या सरावासाठी महसुली दप्तर घ्यावे असा माझा आग्रह आहे, कारण आपल्या गावांतील निम्मी भुते जमिनीपाशी घुटमळतात. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये झी मराठीवर आली, तिचे चित्रीकरण सिंधुदुर्गात आकेरी येथे झाले, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर वाड्यात जमलेली नाईकांची भावंडे प्रेक्षकांना इतकी जवळची वाटली, ती वाटणीच्या बोलण्यामुळे. त्या मालिकेचे पहिले काही भाग पाहावेत आणि शेजारी गाव नमुन्यांची पुस्तिका ठेवावी. गाव नमुने एक ते एकवीस आहेत. सात आणि बारा मिळून सातबारा होतो हे सर्वांना ठाऊक असते, पण आपल्याला हवे आहेत ते सहा, सहा-अ आणि सहा-क. सहा म्हणजे फेरफार नोंदवही, सहा-अ म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही, सहा-क म्हणजे वारस नोंदवही.

पहिल्या पानावर भूत आणू नये. नुसती कार्यपद्धती लिहावी. वडील वारले, मुलाने मृत्यूच्या दाखल्यासह वारस नोंदीसाठी अर्ज दिला, तलाठ्याने फेरफार धरला, हितसंबंधितांना नोटीस गेली आणि एक प्रत चावडीवर लागली. हरकतीसाठी पंधरा दिवस. हे सारे कोरडेपणाने, तारखा घालून, एका पानात बसवावे, आणि जो वाचेल त्याला तलाठी कार्यालयातील पंख्याचा आवाज ऐकू येईपर्यंत ते पुन्हा लिहीत राहावे. दुसऱ्या पानावर, चौदाव्या दिवशी, हरकतीचा अर्ज येतो. अर्जदार स्वतः आलेला नसतो. अर्ज सकाळी दाराच्या फटीतून आत पडलेला मिळतो. नियमाप्रमाणे हरकतीची पोच द्यावी लागते, म्हणून तलाठी पोच लिहायला घेतो, अर्जाखालची सही वाचतो, आणि सहा-क उघडून मयत खातेदाराचे नाव पुन्हा एकदा पाहतो.

येथे घाई करू नये. तलाठ्याने ओरडू नये, पंखा बंद पडू नये, कुत्रे भुंकू नये. अर्ज आला आहे, मुदतीत आला आहे, तेव्हा प्रकरण सहा-अ मध्ये चढवावेच लागते आणि मंडळ अधिकाऱ्यांकडे सुनावणी ठेवावीच लागते. तिसऱ्या पानावर सुनावणीचा दिवस. मुलगा आला आहे, त्याची बहीण आली आहे, भिंतीलगतची तिसरी खुर्ची रिकामी आहे. शिपाई पुकारा करतो. मंडळ अधिकारी मान वर न करता रोजनामा लिहितात, आणि कॅमेरा त्यांच्या खांद्यावरून पुढे सरकून त्या ओळीवर थांबतो: हरकतदार हजर.