महामारीच्या काळात राष्ट्रीय सेवा योजनेचे तास कसे पूर्ण करावेत

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत 240 तास, म्हणजे वर्षाला 120 तास, नियमित काम करावे लागते आणि सात दिवसांचे विशेष शिबिर त्याशिवाय असते. मार्च 2020 मध्ये कॉलेजे बंद झाली, तेव्हा नाशिकमधल्या अकरावी-बारावीच्या मुलांनी आम्हा शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात विचारले, की गोदाघाटाची स्वच्छता नाही, दत्तक गावात जाणे नाही, मग तास भरायचे कसे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 40 तासांच्या समाजसेवेशिवाय हायस्कूलचा डिप्लोमाच मिळत नसे. तिथल्या सरकारने 2020-21 मध्ये ही अट 20 तासांवर आणली. आपल्याकडे ही योजना ऐच्छिक आहे, पण प्रमाणपत्र हवे असेल तर सवलतीच्या भरवशावर बसून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणतेही काम हाती घेण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना, म्हणजे कॉलेजात ही योजना सांभाळणाऱ्या शिक्षकांना, लेखी विचारावे. कामाचे स्वरूप, ते कोणासाठी आहे आणि त्याची खात्री कोण देईल, एवढे तीन-चार ओळींत लिहून पाठवावे आणि होकार आल्यावरच सुरुवात करावी. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याने पालकांचे संमतिपत्रही सोबत जोडावे.

घरात राहून करता येण्याजोग्या कामांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते एकट्या राहणाऱ्या वृद्धांना नियमित फोन करण्याचे काम. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत आणि गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांतही, मुले परगावी असलेली अशी माणसे पुष्कळ आहेत. सहा जणांना प्रत्येकी दहा मिनिटे दिली की एक तास होतो. आठवड्यातून पाच दिवस हे केले तर वीस आठवड्यांत शंभर तास भरतात. फोनवर औषधे संपत आली आहेत का, गॅस सिलिंडर आला का, वीजबिल भरायचे राहिले आहे का, हे विचारावे आणि अडचण असेल तर ती नातेवाइकांना किंवा कार्यक्रम अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावी. औषधाबद्दल स्वतःचा सल्ला मात्र कधीही देऊ नये. 2021 मध्ये लसीकरणाच्या नोंदणीसाठी अनेकांना मदत लागली, कारण कोविन संकेतस्थळावर नोंदणी करणे ज्येष्ठांना सहज जमत नव्हते. अशा वेळी फोनवर एकेक पायरी समजावून सांगावी. त्यांचा ओटीपी विचारून घेऊ नये आणि आधार कार्डाचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागवू नये.

पेठ, सुरगाणा या भागांतल्या मुलांना शिकवायचे असेल, तर व्हिडिओऐवजी साधा फोन बरा, कारण तिथे सगळीकडे नीट रेंज मिळत नाही. रोज एक धडा वाचून दाखवणे आणि दोन गणिते सोडवून घेणे एवढेही पुरेसे आहे.

बाहेर पडण्याच्या कामांबाबत मी सावध आहे. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजनची पातळी तपासली. ते काम आवश्यकच होते, पण घरी आजी-आजोबा असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्यासाठी पाठवणे मला योग्य वाटत नाही. त्या वर्षी मुंबई-आग्रा महामार्गाने पायी निघालेल्या मजुरांसाठी अनेक घरांतून पोळ्या गेल्या. असे काम जरूर धरावे, पण आईने पोळ्या लाटल्या तो वेळ विद्यार्थ्याचा नव्हे. त्याने स्वतः जेवढा वेळ काम केले तेवढाच लिहावा.

नोंद त्याच दिवशी करावी. वहीत तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, काम आणि ज्यांच्यासाठी केले त्यांचे नाव लिहावे. दर शनिवारी त्या पानाचा फोटो कार्यक्रम अधिकाऱ्यांना पाठवावा. आमच्या एका विद्यार्थिनीने सगळ्या नोंदी फक्त मोबाइलवर ठेवल्या होत्या. तो बिघडल्यावर तिचे चार महिन्यांचे खरे काम सिद्ध करताना तिला पुन्हा एकेका घरी फोन करावे लागले. पन्नास मिनिटांचा तास करू नये. फोन लागला नाही तो वेळही धरू नये.

टाळेबंदी उठल्यावर ज्यांच्यासाठी काम केले, त्यांच्याकडून दोन ओळींचे सहीनिशी पत्र घ्यावे. बारावीच्या विद्यार्थ्याने ही पत्रे आणि वही प्रात्यक्षिक परीक्षांच्या आधीच जमा करावी, म्हणजे काही तास कमी पडत असतील तर ते भरून काढायला वेळ उरतो.