मृगात कडू भोपळा टाका, पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचा तुंबा करा

राम राम मंडळी. रोहिण्या सरत आल्यात, मृग तोंडावर आहे, बांधाकडेला काय टोकायचं याचा विचार चालू असेल तर यावेळी दहा-पंधरा वेल कडू भोपळ्याचे लावून बघा. भाजीचा दुधी नाही म्हणत मी, वाळवून पाण्याचा तुंबा करायचा तो भोपळा. गडचिरोलीकडं माडिया-गोंड लोकांच्या खांद्याला तो अजून दिसतो, पाणी, आंबील, ताडी सगळं त्यातच. आणि आपल्याकडं वाळका भोपळा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी अजून गावात आहे, त्यांना विचारा पक्क्या भोपळ्याचं कवच काय असतं ते.

आता हे गिऱ्हाईक कोण, तर एक म्हणजे नाटकवाले, ऐतिहासिक मालिकांना सामान पुरवणारे, जुन्या वेशात मिरवणुका काढणारी पोरं. दुसरं म्हणजे युरोप-अमेरिकेत लाईव्ह ॲक्शन रोल प्ले म्हणून एक प्रकार आहे, लोक जुन्या काळातले कपडे घालून, एकेक पात्र घेऊन दोन-दोन तीन-तीन दिवस रानात तंबू टाकून खेळतात आणि तिथं प्लॅस्टिकची बाटली काढली की सगळा रंग जातो. त्यांना पाहिजे असते ती मधे कंबर असलेली, वर लहान फुगा खाली मोठा फुगा अशी भोपळ्याची बाटली, कारण स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू शेकडो वर्षं काठीला तसलाच भोपळा बांधून चालायचे. वारकऱ्याच्या गळ्यात भोपळ्याची वीणा आणि त्यांच्या काठीला भोपळ्याची बाटली, वेल एकच. मूळचा आफ्रिकेतला आहे म्हणतात पण सगळ्या जगात जाऊन बसलाय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बाटली घरात बसून होत नाही, ती वेलावर होते. भोपळ्याला पूर्ण आकार तीन आठवड्यांत येतो, पण कवच यायला त्याच्यापुढं दोन-अडीच महिने लागतात, आणि या मधल्या काळात बाहेरून काहीच बदल दिसत नाही म्हणून माणूस फसतो. मी पहिल्या वर्षी दिवाळीच्या आधी एकोणीस भोपळे उतरवले, काय टुमटुमीत दिसत होते, पडवीत ओळीनं मांडले. पंधरा दिवसात बुडाला अंगठा लावला की आत जायला लागला, मग कातडं सुरकुतलं, खाली पिवळट पाणी सुटलं आणि तो वास घरभर. एकोणीसच्या एकोणीस उकिरड्यावर. एक वेल बांधावरच्या बाभळीवर चढला होता, त्याचा एक भोपळा पानांत झाकून राहिला होता, तो जानेवारीत पानं झडल्यावर दिसला. देठ वाळून काथ्यासारखा झालेला, टिचकी मारली तर मडक्यासारखा आवाज. तो अजून माझ्या वापरात आहे.

बियाणं कुठलं घ्यायचं. बाजारात मिळणारे भाजीचे सुधारित वाण यासाठी घेऊ नका, ते कोवळं खाण्यासाठी निवडलेले, पिकवले तरी कवच पातळ राहतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडं भीमाकाठी सतार-तंबोऱ्याचा भोपळा पिकवतात आणि तो मिरजेला जातो, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावाच्या नावाची सरकारी ओळख देणारं मानांकन पण मिळालं. त्या भोपळ्याचं कवच एक नंबर, पण आकार आपल्या कामाचा नाही, तो घागरीएवढा होतो. आपल्याला लिटर-दीड लिटरचा पाहिजे. त्यामुळं बी घ्यायचं ते जिथं लहान तुंबे होतात तिथलं, गडचिरोली-बस्तर भागातल्या आठवडी बाजारात वाळके तुंबे मिळतात, हलवून बघायचा, आत बी खुळखुळलं की तोच आणायचा, फोडला की बी हातात आणि कवच किती जाड आहे ते पण डोळ्यांनी दिसतं.

लागवड दुधीसारखीच. बी जाड असतंय म्हणून २४ तास पाण्यात भिजत घाला, मग ओल्या फडक्यात बांधून ठेवलं की मोड लवकर येतो. दोन ओळींत ३ मीटर, दोन वेलांत १ मीटर, आळ्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड, एका आळ्यात तीन बिया टोकून नंतर जोमदार एकच ठेवायचा. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात करायचं असेल तर गादीवाफ्यावर, म्हणजे माती उंच केलेल्या वाफ्यावरच करा. युरिया फार घालू नका, वेल नुसता पसरतो, आणि फळं धरल्यावर तर अजिबात नको.

मांडव मजबूत पाहिजे. भाजीचा दुधी दर चार दिवसाला उतरतो, हा चार महिने वजन घेऊन लटकणार, बांबू आणि तार नीट ताणून घ्या. बांधावर बाभूळ, बोर असेल तर सरळ त्यावर सोडा. जमिनीवर लोळला तर मान वाकडी होते आणि ज्या बाजूवर पडतो ती बाजू पांढरी आणि कच्ची राहते. मुख्य वेल अडीच-तीन मीटरचा झाला की शेंडा खुडायचा, कारण मादी फुलं जास्त करून बगलफुटीवर येतात.

फूल पांढरं, संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मान टाकतं. म्हणजे दिवसाच्या मधमाशीचा याला फारसा उपयोग नाही, रात्रीचे पतंग येतात तेव्हा काम होतं, आणि श्रावणात पाऊस लागून राहिला की ते पण येत नाहीत, मग बारकी फळं पिवळी पडून गळतात आणि आपण उगीच औषध मारत बसतो. त्यापेक्षा सातच्या सुमारास बॅटरी घेऊन मांडवाखाली जा. ज्या फुलाच्या मागं बारका भोपळा आहे ते मादी, ज्याचा दांडा नुसता लांब आणि बारीक ते नर. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं सारायच्या आणि आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद फिरवायचा, बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. एका नराच्या फुलात दोन-तीन माद्या होतात. दहा वेलांना वीस मिनिटं लागतात, बायकापोरं घेऊन गेलं तर तेवढीपण नाही.

एका वेलावर चार-पाच भोपळे ठेवायचे, बाकी बारकी असतानाच खुडायची. हे जिवावर येतं मला माहिती आहे. पण बारा ठेवले तर बाराही पातळ कवचाचे होतात.

कंबर पाडायची असेल तर भोपळा वीतभर झाला की जुन्या सुती धोतराची दोन बोटं रुंद पट्टी मधोमध बांधायची, सुतळी नाही, सुतळी कातड्यात रुतते आणि तिथनं कुजतो. रोज नाहीतर एक दिवसाआड बघून गाठ जरा ढिली करायची. ज्या बियाण्यात मुळातच कंबर आहे त्याला हे काही करावं लागत नाही, नुसता लटकता ठेवला की झालं. मापाचं म्हणाल तर शिंप्याची टेप घ्या, खालच्या फुग्याचा बाहेरून घेर ४४ सेंटीमीटरच्या आसपास भरला की आत साधारण लिटरभर पाणी मावतं.

किडीत खरी दुश्मन फळमाशी. ती कोवळ्या फळात सुईसारखं टोचून अंडी घालते, तिथं डिंकाचा थेंब दिसतो आणि पुढं नेमकं तिथंच कवचाला भोक राहतं, म्हणजे भाजीच्या फळाला जे डाग म्हणून चालतं ते आपल्या बाटलीला चालत नाही. क्यू ल्युअरचे, म्हणजे नर माशीला वासानं ओढून घेणारे सापळे एकरी पाच-सहा लावा, फळ लिंबाएवढं झालं की त्याला वर्तमानपत्राची नाहीतर जुन्या कापडाची पिशवी घाला, मुठीपेक्षा मोठं झालं की काढा. डागी फळं खड्ड्यात खोल पुरा, मांडवाखाली टाकून ठेवू नका. रोप लहान असताना तांबडे भुंगे पानं चाळणीसारखी करतात, सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात तेव्हा हातानं वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकले तरी दहा वेलांचं भागतं. पानांवर पांढरी पूड धरते त्या भुरी रोगासाठी गंधक वापरणार असाल तर कडक उन्हात नको, वेलवर्गीय पिकाची पानं भाजतात.

आता एक गंभीर गोष्ट. हा भोपळा कडू असतो तो विषारी घटकामुळं, कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. हा आणि भाजीचा दुधी एकाच जातीचे असल्यानं एकमेकांचं परागकण लागतं. यावर्षीच्या दुधीची चव त्यानं बदलत नाही, पण त्या दुधीचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर फळं कडू निघू शकतात. म्हणून शेजाऱ्यानं घरचं बी धरायला दुधी ठेवला असेल तर त्याला आधी सांगा आणि निदान ५०० मीटर लांब लावा. मुलांना, सुनांना, गड्यांना सगळ्यांना सांगून ठेवा की या मांडवावरचा एकही भोपळा भाजीला तोडायचा नाही.

काढणी डिसेंबरच्या शेवटी किंवा संक्रांतीनंतर, वेल पूर्ण वाळल्यावरच. देठ तपकिरी, भोपळा हातात घेतला तर वाटतो त्यापेक्षा हलका, नखानं ओरखडा उठत नाही, अशी खूण. देठ दोन-तीन इंच ठेवून कापा, त्यालाच धरून टांगायचं असतं. मग सावलीत, वारा लागेल अशा जागी तारेला टांगून ठेवायचे, एकमेकाला लागू द्यायचे नाहीत, आणि तारेलाच टांगा कारण आतल्या बियांसाठी उंदीर कवच कुरतडतात. अंगावर काळी-करडी बुरशी येईल, घाबरू नका, ती वरच्या कातड्यावर असते. मऊ पडला तर तेवढा फेकायचा. होळीपर्यंत बी खुळखुळायला लागतं, काहींना गुढीपाडवा उजाडतो.

मग उन्हाळ्यात कामाला बसायचं. ओल्या पोत्यात रात्रभर गुंडाळून ठेवला की वरची साल भिजते, सकाळी बोथट सुरीनं आणि तारेच्या घासणीनं खरवडायची, ओली असतानाच, कारण वाळल्या भोपळ्याची धूळ छातीत गेली की दिवसभर खोकला सुटत नाही, तोंडाला रुमाल बांधाच. तोंड हॅक्सॉच्या पात्यानं कापायचं, दोन-अडीच सेंटीमीटर व्यास पुरे. वाळकं बी येतंय तेवढं आधी हलवून काढून घ्या. आतला गर सुका ओढून निघत नाही, पाणी भरून आठ-दहा दिवस कुजू द्यायचा, दोन दिवसाला पाणी बदलायचं, वास येतो पण इलाज नाही. मग मूठभर धुतलेली बारीक खडी आणि पाणी घालून जोरजोरात हलवायचं, वाकवलेल्या तारेनं कोपरे खरवडायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. त्यानंतर कडवटपणा काढायला रोज संध्याकाळी गरम पाणी भरायचं आणि सकाळी ओतायचं. चार-पाच दिवसांनी आतल्या पाण्याचा एक थेंब जिभेच्या टोकावर घेऊन थुंकायचा, गिळायचा नाही. जरा जरी कडू लागलं तरी परत गरम पाणी. पंधरा दिवसांनीही कडू लागतोय असा एखादा निघतो, तो शोभेला विका आणि विकताना तसं सांगून विका.

तीन-चार दिवस तोंड खाली करून कडकडीत वाळवला की मेण. मधमाशीचंच मेण पाहिजे, मेणबत्तीचं नको, त्यानं पाण्याला वास लागतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्या भागात किंवा तुमच्या जवळच्या मधपाळाकडं विचारा. एका बाटलीला १०० ग्रॅम धरा, जास्तीचं परत ओतून घेता येतं. मेण ६२-६४ अंशाला वितळतं, डब्यात घेऊन तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, थेट जाळावर कधीच नाही, भडका उडतो. भोपळा उन्हात चांगला तापवायचा, गार भोपळ्यात मेण ओतलं की ते लगेच गोठतं आणि थर एकसारखा बसत नाही. ओतलं की सावकाश सगळीकडून फिरवायचा, आणि उरलेलं परत डब्यात. बाहेरून जवसाच्या तेलाचा हात दिला की रंग मधासारखा उजळतो, पण तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतं, उकलून वाळत घाला.

बूच म्हणून दाणे काढलेलं मक्याचं कणीस तासून बसवलं तरी छान बसतं, गिऱ्हाइकाला द्यायचं असेल तर सुताराकडनं लाकडाचं करून घ्या. अडकवायला सुती दोरीचं शिंकं विणायचं, कंबरेत एक वेढा घट्ट पाहिजे. गिऱ्हाइकाला दोन गोष्टी बजावून सांगा, यात फक्त गार पाणी, चहा किंवा ताक नाही, आणि बंद गाडीत उन्हात ठेवायची नाही, मेण सुटतं. रोज रिकामी करून उलटी टांगली तर वर्षानुवर्षं टिकते. माठासारखं गार पाणी मात्र मेण लावलेल्यात होणार नाही, ते आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्याच वर्षी एकरभर लावू नका, विकणार कुणाला ते ठरू द्या. परदेशी पाठवायचं झालं तर वनस्पतीच्या वस्तूंना कागदपत्रं काय लागतात ते कुरिअरवाल्याला आधी विचारा, आणि आत एकही बी राहिलेलं नसावं.

बियाण्यासाठी सगळ्यात जाड कवचाच्या भोपळ्याचंच बी ठेवा, सावलीत वाळवून राखेत कालवून डब्यात भरा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात कडू असं लिहा, भाजीच्या दुधीच्या बियांच्या शेजारी तो डबा ठेवू नका.