पावसाळी दिवशी गरवायला जाताना

कोकणातल्या वाशिष्ठी किंवा शास्त्रीसारख्या नदीवर भर पावसात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसायचे असेल, तर पाणी कसे येते हे आधी समजून घ्यावे. काठावर पाऊस थांबलेला असला तरी सह्याद्रीत पडलेले पाणी नंतर खाली येते, आणि ते भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी तुंबले, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, तर पातळी पाहता पाहता चढते. म्हणून बसल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काठी रोवावी आणि तिच्यावर नजर ठेवावी. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा व काटक्या वाहू लागल्या, की सामान आवरून वर यावे. ओल्या कातळावर शेवाळ असते, तेथे घाईने पळणे फार धोक्याचे.

गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही, तो वासावर येतो. तेव्हा ताजी कोलंबी किंवा गांडूळ लावावे, तंगुसाला (गळाच्या दोरीला) शिसे थोडे जड बांधावे आणि गरी (गळाचा आकडा) मुख्य धारेत न टाकता वळणावरच्या संथ पाण्यात सोडावी. शेंगाळा हा काटेरी मासा लागला तर त्याच्या पाठीवरच्या व कल्ल्यांमागच्या काट्यांना हात लावू नये. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवल्याने वेदना कमी होतात.

गडगडाट ऐकू येताच कार्बनचा रॉड खाली ठेवावा, कारण त्यातून वीज वाहते, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे पक्क्या घरातच थांबावे. पहिल्या पावसात चढणीला लागलेली, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघालेली, गाभोळीची (पोटात अंडी असलेली) मासळी मात्र, माझी कळकळीची विनंती आहे, पाण्यात परत सोडावी.